डुकरांच्या गोठ्यातलं अमरपण

सेलिश्ते, कुना आजीच्या ओसरीवर
२ नोव्हेंबर १८९१. दोरीचा सहावा दिवस

उस्ता ग्रोयू,

पाच दिवस झाले, हे पत्र मी टाळतोय. कागद होता, शाई होती, सालिह खेचरवाला आपल्या लेस्का गावाकडे निघणार हेही ठाऊक होतं. पहिल्या दिवशी म्हटलं, भिंतीतला चुना जरा धरू दे. दुसऱ्या दिवशी कुना आजीची डुकरीण सुटली आणि तिच्यामागे मी अर्धं गाव पालथं घातलं. मग एका म्हाताऱ्यानं नवी वाइन चाखायला बोलावलं आणि तो बसला तरुणपणी पाळलेल्या अस्वलाची गोष्ट सांगत. ते अस्वल म्हणे लग्नात नाचताना नवरीच्या... जाऊ दे. खरं सांगायचं तर मायनाच सुचेना. तुला म्हणू काय? चार वर्षं तुझ्या हाताखाली चुना कालवला, तेव्हा 'अहो उस्ता', 'होय उस्ता' करत होतो. आज अरेतुरे करणार आहे. पहिलं 'तू' लिहायला पाच दिवस लागले. आता बघ कसं भराभर येतं.

तुला वाचता येत नाही, म्हणजे हे पाद्रीबुवा गेरासिम वाचून दाखवणार. पाद्रीबुवा, अक्षरं मला तुम्हीच शिकवलीत, दोन हिवाळे, कान पिळून पिळून. चुका झाल्या तर त्या कानालाच विचारा. मोठ्यानं वाचा, आणि मधेच खोकून ओळी गाळू नका. तो गाळायला सांगेल.

मी वेल्को, नेदाचा भाऊ. माझी बहीण तुम्ही पुरलीत, पाद्रीबुवा, पण ती कशानं गेली हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. ज्वर, म्हणाले. वीस वर्षांची धडधाकट मुलगी, पाण्याची मोठी घागर एका हातानं उचलायची, ती चाळीस दिवसांत पाण्यात धुतलेल्या फडक्यासारखी विटत गेली. असला कुठला ज्वर?

दरीतल्या पुलाचा मधला खांब नदीनं तीनदा नेला होता. तीनदा. सरळमार्गी गवंडी पायाभरणीत कोंबडा पुरतो, फार तर मेंढी. पण ग्रोयू उस्ताला शंभर वर्षांचा पूल हवा होता. त्या दिवशी नेदा आमचं जेवण घेऊन आली, डोक्यावर गाठोडं, त्यात घेवड्याचं कालवण आणि मक्याची भाकरी. पाया उघडा असला की गवंडी लांबूनच ओरडतात, 'तिकडून या, तिकडून या!' म्हणजे कुणाची सावली खड्ड्यात पडू नये. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. तिची सावली दगडांवर पडली आणि ह्या माणसानं ती लाल मातीत बुडवलेल्या दोरीनं मोजली, टाचेपासून डोक्यापर्यंत. गाठ मारली. दोरी खांबात चिणली. वर दगड बसवला.

मी तेव्हा चुन्याच्या खड्ड्यापाशी होतो. मला काय कळणार.

तुम्ही असल्या गोष्टी देवळात नाकारता, पाद्रीबुवा, पण पायाखाली बघून चालता, हे मी पाहिलंय. ज्याची दोरी चिणली तो चाळिसाव्या दिवशी मरतो, आणि त्याची सावली त्या भिंतीत राखणदार होऊन उभी राहते. भिंत आहे तोवर. तिला म्हातारपण नाही, झोप नाही, सुटका नाही. ऐन दुपारी बारा वाजता मधल्या खांबावर डोक्यावर गाठोडं घेतलेल्या मुलीची सावली पडते. माणूस कुठेच नसतो. सालिहची खेचरं तिथे अडतात, विचारा त्याला.

आता तुझी बातमी ऐक, उस्ता. दिमितर संताच्या दिवशी गवंड्यांची टोळी मोडून सगळे घरी परतले आणि तू खानावळीच्या अंगणात राकियाचा पेला उंचावून उभा राहिलास. आठवतं? 'मी मेलो तरी पूल राहील, आणि पूल आहे तोवर ग्रोयू आहे!' लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऊन तिरपं होतं. तुझ्यामागे एक दाढीवाला भटक्या दारू चढून जमिनीवर आडवा झाला होता, त्याला तुम्ही सगळे हसलात. तो मी होतो. माझ्या हातात लाल मातीत बुडवलेली दोरी होती.

तुला मी अमर केलंय. सेलिश्त्यात, कुना आजीच्या डुकरांच्या गोठ्यात, डाव्या कोपऱ्यात, खालून दुसऱ्या थरात. अठ्ठावीस ऑक्टोबरला तुझी दोरी चिणली. निकोला संताच्या दिवशी चाळीस भरतील. मग तू तिथे उभा राहशील आणि शे-दोनशे वर्षं डुकरांची घुरघुर ऐकशील.

सुटायचं असेल तर एकच वाट. तुझा पूल उतरव. तिची दोरी बाहेर काढ. ती बाहेर आली की तुझी मी काढीन.

वेल्को

—

सेलिश्ते
९ नोव्हेंबर. तेरावा दिवस

उस्ता,

सालिह आला. मी त्याला म्हटलं, खेचर बांधायच्या आधी सांग. तो म्हणाला, "आधी पाणी तरी पाज रे, लेका." मग सगळं सांगितलं. पाद्रीबुवांनी म्हणे सगळं पत्र वाचलं, एकही ओळ गाळली नाही, वाचून झाल्यावर चष्मा पुसत बसले आणि त्या दिवसापासून तुझ्या घरचं काही खात नाहीत. शाबास, पाद्रीबुवा. आणि तू? तू हसलास. "गोठा पक्का बांधलाय ना?" असं विचारलंस. "नाहीतर मला अर्धवट बांधकामात उभं राहायची लाज वाटेल." आणि कोकराची तंगडी खाल्लीस, अख्खी. सालिह म्हणतो, गाल लाल होते तुझे.

हस. नेदापण तेराव्या दिवशी हसत होती.

गोठा पक्का आहे. असा गोठा ह्या मैदानात कुणी पाहिला नाही. चुन्यात बकरीचे केस घातलेत, अंड्याचा पांढरा बलक घातलाय, कोपऱ्याचे दगड छिन्नीनं घडवलेत. तुझं अमरपण दहा वर्षांत ढासळायला नको. आसपासच्या गावची माणसं बघायला येतात. कुना आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "का रे पोरा, डुकरांसाठी देऊळ बांधलंस का? माझी डुकरीण आता प्रसाद मागेल." तिला मी खरं सांगितलेलं नाही. तिची एकच तक्रार आहे, मी जेवत नाही. मला जरा तापाची कसर आहे. रस्त्यावरची आहे, चार वर्षं मी कुठे कुठे झोपलोय ते तुला काय माहीत. कंबरपट्ट्याला नवं भोक पाडलं, बस.

चार वर्षं मी काय केलं ते ऐक. गुलाबाच्या मळ्यात फुलं खुडली, कोळशाच्या भट्ट्या लावल्या, समुद्रावर मीठ ओढलं. आणि जिथे गेलो तिथे एकच विचारत फिरलो, न मरणं म्हणजे काय? कारण बहीण माझी मेली होती आणि मेली नव्हतीही.

एका गावी सांगितलं, एका राजाचा जीव त्याच्या अंगात नव्हताच. डोंगरात रानडुक्कर, त्याच्या पोटात ससा, सशाच्या पोटात कबुतर, तिथे तो दडवलेला. मला वाटलं, बिचारा. जन्मभर कबुतराची काळजी. दुसरीकडे अमृताचा झरा प्यालेला धनगर होता, त्यानं नातवंडांची नातवंडं पुरली आणि आता त्याला कुणाचं नाव आठवत नाही, सगळ्यांना 'ए पोरा' म्हणतो. मठात एका संताचं बोट काचेखाली आहे, लोक मुके घेतात. तेही अमरपणच, पण तुकड्यातुकड्यानं. आणि प्लोव्हदिवमध्ये मी ज्या खाटकाकडे राबलो तो तर नक्की मेलेला होता. हसू नकोस. मेलेला माणूस चाळीस दिवस टिकला की त्याला मांस चढतं, मग तो परगावी जातो, जिथे कुणी ओळखत नाही, आणि तिथे लग्न करून खाटकाचं दुकान टाकतो. सगळ्यांना माहीत आहे. हा शनिवारी, म्हणजे मेलेल्यांच्या वारी, दुकान उघडत नसे, आणि बायकोनं त्याला कधी काही टोचलेलं पाहिलं नव्हतं, असले लोक टोचलं की फुटतात ना. चांगला होता बाकी. मला हाडं फुकट द्यायचा. मी कशावरून सुरू केलं होतं?

हां. ह्या सगळ्यांत तुझं सगळ्यात स्वस्त. कमानीच्या मधल्या दगडावर नाव कोरून घेतलंस, 'ग्रोयूनं बांधला'. नावाला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही. आणि सगळ्यात वाईट सावलीचं. ती तिथेच असते. तिला ऊन आठवत असणार. तुझं अमरपण तिच्या अमरपणाच्या डोक्यावर उभं आहे, तिच्या गाठोड्यासारखं.

म्हणून तुझ्यासाठी मी हे निवडलं. फार विचार करून.

आणि एक, तुला वाटत असेल की मला मोजताच आलं नसेल, अर्धवट शिकलेलं पोर. तर ऐक. मला दुसऱ्या कुणाची गरज पडली नाही. दोरीचं एक टोक तुझ्या पायाशी माझ्याच टाचेखाली दाबून धरलं, दुसरं हातात घेऊन तुझ्या डोक्याच्या सावलीपर्यंत आडवा झालो. एकट्यानं. तुझ्या टोळीतल्या कुणाला जमेल का?

वेल्को

—

सेलिश्ते
१७ नोव्हेंबर. एकविसावा दिवस

उस्ता, लागू पडलं ना!

सालिह खेचरावरून उतरायच्या आधीच बोलू लागला. पत्र वाचताना तू जेवत होतास. 'टाचेखाली' असं आलं तिथे तू पाद्रीबुवांना थांबवलंस. "पुन्हा वाचा," म्हणालास. त्यांनी पुन्हा वाचलं. "टाचेखाली? नीट बघा, टाच असंच लिहिलंय?" तिसऱ्यांदा वाचल्यावर चमचा खाली ठेवलास तो उचललाच नाहीस. सालिहच्या बाहीला धरून म्हणालास, "त्याला म्हणावं काढ. आजच्या आज काढ. मी पाया पडतो म्हणावं."

हे ऐकलं आणि मी अंगणात नाचलो. अगदी थोडा, दम लागला. ग्रोयू उस्ता पाया पडतोय! ज्यानं तुर्कांच्या पाशालासुद्धा टोपी काढली नाही तो! सालिह मला म्हणाला, "पोरा, तो घाबरलाय खरा, पण स्वतःसाठी घाबरलेला माणूस असा दिसत नाही." सालिहला माणसांतलं काय कळतं. तो खेचरांतला जाणकार.

नाही काढणार. तुझ्या पाया पडण्यानं पूल पडत नाही. पूल पाड, मग बोलू.

भूक गेली का? झोपेतून उठल्यावर हात कुणा दुसऱ्याचे वाटतात का? पाण्यात तोंड बघितलंस तर पाणीच जास्त दिसतं का? नेदाला असं व्हायचं, ती मला सांगायची. मला सांगायची, उस्ता, दुसऱ्या कुणाला नाही. मी अंथरुणापाशी बसायचो आणि ती म्हणायची, "वेल्को, पूल छान झालाय ना रे? मला बघायला ने." मी नेलं नाही.

कुना आजी सारखी मागे लागलीय. काल कपडे वाळत घालत होतो तर दोरीपलीकडून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुझ्या सदऱ्याची सावली काळीभोर पडलीय आणि तुझी बघ, ताकात पाणी घातल्यासारखी." मी म्हटलं, "आजी, डोळे तपासून घे." ती म्हणाली, "माझे डोळे सुईत दोरा ओवतात. तू दूध पी." मी दूध प्यालो. बाहेर आलं.

हवा बरी नाही इथली. मैदानातली हवा मला कधीच मानवत नाही. निकोला संताचा दिवस होऊ दे, मग समुद्रावर जाईन. मिठाच्या आगरात एक माणूस भेटला होता, तो बासरी वाजवून मासे बोलावतो असं सांगायचा. खोटारडा होता, पण त्याला भेटायचंय.

तुझे आता एकोणीस दिवस उरले. मोज.

वेल्को

—

सेलिश्ते
२७ नोव्हेंबर. एकतिसावा दिवस

उस्ता,

काल सालिहनं पाद्रीबुवांच्या हातची चिठ्ठी आणली. तीन ओळी. तू सांगितलंस, त्यांनी लिहिलं.

'सावली माणसाला टाचेपाशी जोडलेली असते. दोरीचं टोक ज्याच्या टाचेखाली, माप त्याचं. म्हणून आपण दोघं मोजतो. काढ, पोरा.'

मी ते वाचलं आणि अंगणात जाऊन उन्हात उभा राहिलो. आजीचं खरं होतं.

तर गोठ्याच्या डाव्या कोपऱ्यात, खालून दुसऱ्या थरात, मी आहे. तू कोकराच्या तंगड्या खात होतास आणि मी चांगला चुना घालून, अंड्याचा बलक घालून, स्वतःला डुकरांच्यात अमर करत होतो. एवढा देखणा गोठा. मी खूप हसलो. आजी धावत आली, तिला वाटलं मला फेफरं आलं.

मग तिला सगळं सांगितलं. तिनं पहिल्यांदा माझ्या थोबाडीत मारली, मग पहार आणली. म्हणाली, "माझ्या डुकरिणीला राखणदार नको. सरक." मी कोपऱ्याला पाठ लावून बसलो. म्हटलं, "आजी, तू काढलीस तर मी ती दोरी घेऊन जाईन आणि दुसऱ्या भिंतीत घालीन. तुझ्या डोळ्यांआड." ती रडली. मला शिव्या दिल्या, त्यांतल्या दोन मी आधी कुठेच ऐकल्या नव्हत्या, आणि मी तर बंदरात राहिलोय. शेवटी घोंगडी आणून अंगावर टाकली.

आता जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो. पाद्रीबुवा, हेही मोठ्यानं वाचा.

मोजायला दोन माणसं लागतात. त्या दिवशी चुन्याच्या खड्ड्यापाशी मी नव्हतो. पायाकडचं टोक माझ्या हातात होतं.

ती दगडावर वाकून भाकऱ्या मोजत होती, आमच्याकडे पाठ. हा म्हणाला, "धर. वरच्या वर धर, जमिनीला लावू नकोस." मी धरलं. का लावायचं नाही हे मी विचारलं नाही, आणि ह्यानंही शिकवलं नाही, म्हणून तर आज इथे बसलोय. पण कशासाठी धरतोय हे मला माहीत होतं. टोळीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. हा म्हणाला होता, खांब चौथ्यांदा गेला तर आपण सगळे पाण्यात. आणि म्हणाला होता, पूल उभा राहिला तर तू गवंडी. त्या संध्याकाळी ह्यानं मला थापी दिली, नवी, अक्रोडाच्या मुठीची. मी घेतली. टोळीतल्या सगळ्यांनी पाठ थोपटली. नेदानं घरी ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "अगं बाई, आता तुला उस्ता म्हणायचं का?"

चार वर्षं ती थापी माझ्याजवळ आहे. सगळं विकलं, ती विकली नाही. गोठा तिनंच बांधला.

तेव्हा दोरीनं माणूस बरोबर धरला. अर्धा बरोबर. उरलेला अर्धा तू आहेस, आणि तुला मी सोडणार नाही.

मी दोरी काढणार नाही. हे नीट समजून घे. मला उठता येतं अजून, पहार आजीकडे आहे, कोपरा माहीत आहे. अर्ध्या तासाचं काम. मी करणार नाही. आमच्या घरात दोन माणसं होती. एक तू हातानं मारलंस. दुसरं तुला नुसतं गप्प बसून मारता येईल. काहीही करायला नको, जेव, झोप, नऊ दिवस थांब. तुझ्यावर सूड उगवणारा आपोआप डुकरांत जाईल आणि तुझा पूल, तुझं नाव, सगळं शाबूत. किंवा पूल पाड आणि तिला बाहेर काढ.

दोन्हींतलं काय करतोस ते सगळ्या लेस्काला दिसू दे. म्हणून म्हणतो, पाद्रीबुवा, हे पत्र घरात वाचू नका. रविवारी देवळाच्या पायरीवर वाचा.

तू मला 'पोरा' म्हटलंस चिठ्ठीत. तुझ्या तोंडून चार वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यानं काही बदलत नाही.

वेल्को

—

सेलिश्ते
६ डिसेंबर, निकोला संताचा दिवस. चाळिसावा

उस्ता,

लेखणी जड झालीय. थोडंच लिहितो.

सालिह परत आला नाही. म्हणजे उत्तर नाही. म्हणजे हेच उत्तर.

आज घरोघरी मासा आहे. आजीनंही अक्रोड आणि भात भरून मोठा मासा भट्टीत ठेवलाय, वास इथवर येतो. मला वास येतो याचं नवल वाटतं, हात तर कागदावर ठेवला की खालच्या ओळी दिसतात. मासेवाला सकाळी आजीला सांगत होता की वरचा रस्ता बंद आहे, दरीतून माल येत नाहीये. पुलाचं काहीतरी झालंय म्हणे. आजीनं विचारलं, "काय झालंय?" तर तो म्हणाला, "मला काय ठाऊक, माझा मासा खालच्या नदीतला." मी खिडकीतून ओरडलो, पण आवाज निघाला नाही, आणि तो गेला.

नदीला पूर असेल. उगाच आशा नको.

बाराला थोडा अवकाश आहे. मी ठरवलं होतं की शेवटी तुला एक मोठा शाप लिहायचा. बंदरात ऐकलेला एक आहे, त्यात सात पिढ्या येतात. पण आता आठवत नाही, आणि खरं सांगू, त्यातला अर्धा मलाच लागला असता. एक विचारायचं होतं. नेदाचं तोंड तुम्हाला आठवतं का? मला गाठोडं आठवतं, भाकऱ्या मोजणारा हात आठवतो, वळलेली मान आठवते. तोंड नाही. मी तुम्ही म्हणालो का आत्ता? लिहिलंय खरं. खोडायला ताकद नाही, राहू दे.

आजी अंगणातून हाका मारतेय. थांबा.

तिनं खिडकीशी येऊन सांगितलं, "फाटकात एक म्हातारा उभा आहे. डोक्यापासून पायापर्यंत चुन्यानं पांढरा झालाय, बोटं फुटलीत. पहार मागतोय."

मी विचारलं, "नाव काय सांगतो?"

"सांगत नाही. त्याची उजवी मूठ मिटलेली आहे, त्यातून एक लाल दोरी लोंबतेय. मी म्हटलं, ती ठेव की बाबा खाली, हात मोकळा कर. तर म्हणतो, जमिनीला लावायची नाही."

"एकटाच आहे?"

आजी वळून अंगणाकडे बघत राहिली. मग तिनं छातीवर क्रूस काढला.

"माणूस एकटाच आहे रे. पण सावल्या दोन पडल्यात. दुसरीच्या डोक्यावर गाठोडं आहे."